यम दक्षिणेला राहत नाही

विदर्भात २५ मे उजाडला की नवतपा लागतो. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला, आता नऊ दिवस आग ओतणार, असे घरोघर म्हटले जाते आणि पुष्कळदा ते खरेही ठरते. निरीक्षणात चूक नाही. चूक कारणात आहे. नागपूर साधारण २१ अक्षांशावर येते. २६ मेच्या आसपास सूर्य तिथे भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. खगोलप्रेमी मंडळी काठी रोवून शून्य सावलीचा दिवस बघतात, तो हाच. पुण्यात तो १३-१४ मेला येतो, मुंबईत १५-१६ मेला. आकाश निरभ्र, जमीन वाळलेली, पाऊस अजून लांब आणि किरण सरळ उभे, एवढ्यावर उकाड्याचा हिशेब पुरा होतो. रोहिणीला त्यात ओढायचे कारण नाही.

हा कीस अशासाठी काढला की, कारण नक्षत्रात सापडले की माणूस उपाय शोधायचे सोडतो. ग्रहांपुढे कोणाचे काय चालणार? नऊ दिवस दाराला कडी लावून सोसायचे, खिशात कांदा ठेवायचा आणि मृगाची वाट बघायची. तेच कारण किरणांच्या कोनात सापडले तर पुढचा प्रश्न आपोआप येतो: उभे किरण घराच्या कोणत्या भागावर सर्वांत जास्त पडतात? छतावर. मग त्या छताचे आपण काय केले?

बहुतेकांनी काहीच केलेले नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर पाच इंची स्लॅब असेल तर त्याचे वजन पावणेतीन टनांच्या पुढे जाते. मेच्या दुपारी एका चौरस मीटरवर हजार वॅटच्या आसपास ऊन पडते. त्या खोलीच्या डोक्यावर हजार वॅटच्या नऊ शेगड्या पेटवल्या, असा त्याचा अर्थ. शेवाळून काळा पडलेला स्लॅब त्यातले बहुतेक ऊन पिऊन घेतो. काँक्रीट सावकाश तापते आणि सावकाश निवते, त्यामुळे दुपारी मुरलेली उष्णता दिवेलागणीनंतर खाली उतरू लागते. बाहेर वारा सुटलेला असतो आणि आत पंखा छताजवळची गरम हवा अंथरुणावर आणून ओतत असतो. पत्र्याचे तंत्र वेगळे. त्याला वजन नाही, म्हणून तो अकरा वाजताच तापतो आणि रात्री लवकर निवतो. दुपारी त्याच्याखाली बसवत नाही. कामाला बाहेर जाणारे निदान सावली शोधतात. म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि घरी बसून विड्या वळणाऱ्या बाया कुठे जाणार?

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय चुना आहे. कळीचा चुना आदल्या दिवशी पिंपात विरवावा, गाळावा, धरून राहावा म्हणून त्यात डिंक कालवावा, गच्ची झाडून-धुऊन ऊन उतरल्यावर दोन हात द्यावेत. विरताना चुना उकळतो आणि डोळ्यांत उडाला तर इजा करतो, म्हणून पोरांना लांब ठेवावे. हे काम होळी ते पाडवा या दिवसांत उरकले की पावसाळ्यापर्यंतची सोय झाली. पावसात तो धुऊन जाईल. पुढच्या वर्षी पुन्हा द्यावा. स्वच्छ पांढरे छत निम्म्याहून बरेच जास्त ऊन आल्या वाटेने परत पाठवते. ज्यांना परवडते त्यांनी फुटक्या पांढऱ्या लाद्यांचे चिनी मोझॅक करावे, ते वर्षानुवर्षे टिकते. पत्र्यावर शेडनेट बांधायची तर पत्र्याला चिकटवून नव्हे, मध्ये हात-दीड हात पोकळी सोडून, म्हणजे खालून वारा फिरेल. खेड्यात पत्र्यावर पऱ्हाट्या किंवा उसाचे पाचट टाकतात. त्याने गारवा येतो हे खरे, पण एक ठिणगी पडली तर घर जाते. जिथे दाटीने घरे आहेत तिथे हा उपाय करू नये.

मग चुना का दिला जात नाही? खर्च हे कारण नाही. दर्शनी भिंतीला महागडा रंग लागतो, देवघराला संगमरवर लागतो, वास्तुशांतीला तीनशे पाने उठतात. छतावर मात्र खर्च करायचा नाही, कारण छत पाहुण्याला दिसत नाही. वर चुना म्हटले की लोकांना गोठा आठवतो. 'पक्के घर' या कल्पनेची आपल्याला एवढी भूल पडली आहे की, ज्या घरात रात्री झोप येत नाही ते पक्के आणि ज्यात येत होती ते कच्चे, असा उलटा हिशेब आपण मुकाट मान्य केला.

इथे हमखास एक सूर निघतो: आमचे आजोबा पंख्याशिवाय जगले. जगले खरे. त्यांच्या डोक्यावर मराठवाड्यात मातीचे जाड माळवद होते, कोकणात फटींतून श्वास घेणारी कौले होती, भिंत हात-दोन हात रुंद होती आणि उन्हाच्या बाजूला ओसरी होती. तो गारवा मातीचा आणि सावलीचा होता, आजोबांच्या सहनशक्तीचा नव्हता. वाड्याच्या त्या गारव्याचे गोडवे गाताना आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. त्याच वाड्यात चुलीच्या धुराने काळ्या पडलेल्या खोलीत एक बाई दिवसभर भाकऱ्या थापत होती. आणि त्याच गावाच्या शिवेवर, गावकुसाबाहेर, ज्यांना जाड भिंती बांधायला ना जागा होती ना मुभा, ती माणसेही तोच उन्हाळा काढत होती. त्यांच्यातले किती जण उन्हाने गेले याची नोंद कोणी ठेवली नाही. आजही उन्हाने दगावलेल्या म्हाताऱ्याच्या नावापुढे आपण 'वयोमानाने' असेच लिहितो.

आता वास्तुशास्त्राकडे येऊ. नवे घर घेताना तापमानाचा प्रश्न कोणी विचारत नाही, दिशेचा प्रश्न मात्र पहिला येतो. दक्षिण ही यमाची दिशा, म्हणून दक्षिणेचे दार नको, दक्षिणमुखी घर अशुभ. या एका समजुतीने महाराष्ट्रातली कितीतरी चांगली घरे स्वस्तात जातात. सूर्य काय म्हणतो ते पाहा. एप्रिलच्या मध्याला नागपुरात दुपारचा सूर्य डोक्यावरून जेमतेम अकरा अंश दक्षिणेला कललेला असतो. दीड फुटाचा छज्जा असेल तर दक्षिणेची खिडकी सबंध दिवस सावलीत राहते. मेच्या अखेरीस सूर्य उत्तरेला सरकतो आणि दक्षिणेच्या भिंतीवर ऊन पडायचेच थांबते. भर उन्हाळ्यात आपल्याकडची सर्वांत निरुपद्रवी भिंत कुठली असेल तर ती दक्षिणेची. घात पश्चिमेची भिंत करते. दुपारी तीननंतर सूर्य खाली येतो, किरण तिच्यावर जवळजवळ काटकोनात पडतात आणि छज्जा तिथे काही कामाचा राहत नाही. नऊ इंची विटेत मुरलेले ते ऊन आतल्या बाजूला पोहोचते तेव्हा रात्र झालेली असते.

आणि वास्तुतज्ज्ञ कर्त्या माणसाची झोपायची खोली कुठे सांगतात? नैऋत्येला. ज्या खोलीच्या एका भिंतीवर तीन ते सहा ऊन झोडपते, बरोबर त्याच खोलीत रात्री दहाला पाठ टेकायची! झोप आली नाही की मग पलंगाचे डोके कोणत्या दिशेला आहे याची चौकशी सुरू होते.

यावर सुशिक्षित माणसे सांगतात, अहो, त्यात विज्ञान आहे. उत्तर-पूर्व मोकळी ठेवा, पश्चिमेला भिंत जाड ठेवा, हे शहाणपणाचेच नाही का? आहे. जे शहाणपणाचे आहे ते घ्यावे, पण ते शहाणपणाचे का आहे हे कळल्यावर घ्यावे. ज्या नियमांना अक्षांश ठाऊक नाही, जे काश्मिरात आणि कन्याकुमारीत सारखेच सांगितले जातात, त्यांतला एखादा बरोबर निघाला म्हणून बाकीच्यांना शास्त्र म्हणता येत नाही. परीक्षा अवघड नाही. दोन साधे तापमापक आणावेत, एक नैऋत्येच्या खोलीत आणि एक दुसऱ्या कोणत्याही खोलीत टांगावा, आठवडाभर रात्री दहाचे आकडे कागदावर लिहावेत. ज्या खोलीचा आकडा कमी येईल तिथे अंथरूण घालावे. यमाचे काही म्हणणे असेल तर तो सांगेल.

पश्चिमेची खिडकी असेलच तर पडदा बाहेरून हवा. आतल्या पडद्याशी ऊन पोहोचते तोवर ते काचेच्या आत शिरलेले असते. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. बांबूची चिक, जुनी सतरंजी, गोणपाट, काहीही चालेल, फक्त ते काचेच्या बाहेर टांगलेले हवे. कोरड्या मुलखात सकाळी नवाच्या सुमाराला दारे-खिडक्या लावून घ्याव्यात आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सताड उघडाव्यात. पुष्कळ घरांत नेमके याच्या उलट चालते. दिवसभर 'हवा खेळावी' म्हणून खिडक्या उघड्या आणि रात्री चोराच्या, डासांच्या आणि लोकांच्या नजरेच्या भीतीने बंद. चोराला गज आहेत, डासांना जाळी आहे. तिसऱ्या भीतीला सुताराकडे इलाज नाही आणि तिचा भार घरातल्या सर्वांवर सारखा पडत नाही.

घरातला गार कोपरा कोणाचा, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही. कूलर बैठकीच्या खिडकीत बसतो आणि त्याचे तोंड दिवाणाकडे असते. पंखा बैठकीत असतो, झोपायच्या खोलीत असतो. स्वयंपाकघरात नसतो, कारण 'पंख्याने गॅस विझतो'. शेगडीच्या आचेत भर दुपारी बारा वाजता फुलके लाटणाऱ्या बाईला याहून जास्त विचार वाट्याला येत नाही. भिंतीत वर एक एक्झॉस्ट पंखा बसवला तर गॅस विझत नाही आणि आच बाहेर जाते. स्वयंपाक सकाळी आठच्या आत उरकला तर घरही तापत नाही. त्यासाठी घरातल्या पुरुषांनी दुपारी गार जेवायची तयारी ठेवावी, किंवा चाळिशीच्या पाऱ्यात गरम पोळी हवीच असेल तर स्वतः लाटून घ्यावी. रात्री गच्चीवर खाटा पडतात त्या कोणाच्या, हेही एकदा मोजावे. बापे आणि पोरे वर, उघड्या आभाळाखाली; सुना-लेकी खाली, तापलेल्या स्लॅबखाली, कडी लावून. गच्चीला कमरेइतका कठडा आणि दोरीवर टाकलेली एक चादर एवढ्याने जो प्रश्न सुटतो, तो अब्रूचा प्रश्न म्हणून वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवला आहे.

या सर्वांत क्रूर खोली बाळंतिणीची. एप्रिल-मेमध्ये बाळंत झालेल्या बाईच्या खोलीत एकदा जाऊन पाहावे. खिडक्या बंद, फटींना कापड, पंखा नाही. बाईच्या कानांना फडके, खाटेखाली शेगडी, ओवा-शेपांची धुरी, पाणी मोजून. शेजारी बाळ, अंगात झबले, डोक्याला टोपरे, वरून दुपट्यात घट्ट गुंडाळलेले. वारा लागेल, वात होईल, पोट सुटेल, अशी कारणे. पाऊस-थंडीत, ओल्या झोपडीत, कधीकाळी ऊब देण्याला अर्थ असेल. बाहेर त्रेचाळीस अंश असताना ती ऊब कशासाठी? तान्ह्या बाळाचे शरीर स्वतःचे तापमान नीट सांभाळू शकत नाही. त्याला धड घाम येत नाही, पांघरूण लाथाडता येत नाही, तहान सांगता येत नाही. त्याचे अंग तापते, ते दूध ओढेनासे होते, आणि आपण म्हणतो, नजर लागली. मीठ-मोहऱ्या उतरवण्यात जो तास जातो तोच दवाखान्यात पोहोचायचा तास असतो.

करायचे ते सोपे आहे. खिडकी उघडावी, पंखा भिंतीकडे वळवून लावावा म्हणजे झोत थेट अंगावर येणार नाही, बाळाला सुती पातळ कपडा एकच असावा, शेगडी बाहेर न्यावी. आईला मागेल तेवढे पाणी द्यावे, कारण बाळाचे पाणी तिच्या दुधातून येते. पहिले सहा महिने बाळाला वेगळे पाणी लागत नाही, उन्हाळ्यातही नाही. चमच्याने पाजलेल्या पाण्यातून जुलाबच येतात. लघवी कमी झाली, अंग तापले, बाळ मलूल पडले तर डॉक्टर गाठावा. 'आमची चार पोरे अशीच वाढली' हे आजीबाईंचे म्हणणे आदराने ऐकून घ्यावे. फक्त वाढली नाहीत त्यांचीही आठवण त्यांना करून द्यावी. त्या पिढीत अशी एखादी आठवण बहुतेक घरांत निघते.

एवढे सगळे कशाला, एसी बसवला की संपले, असे म्हणणाऱ्याशी माझे भांडण नाही. आजाऱ्याच्या खोलीतला एसी औषधासारखा आहे. पण हिशेब पुरा मांडावा. दीड टनाचा एसी खोलीतून सुमारे पाच किलोवॅट उष्णता उचलतो, स्वतः दीड-एक किलोवॅट वीज खातो आणि दोन्ही मिळून साडेसहा किलोवॅट गल्लीत फेकतो. त्या गल्लीत समोरच्या घराची खिडकी असते, आणि तिच्या आत राहणाऱ्याला एसी परवडत नसतो. छत पांढरे, पश्चिम झाकलेली आणि मग एसी, या क्रमाने गेले तर तेच यंत्र कमी वेळ चालते. तापलेल्या स्लॅबखाली एसी लावणारा माणूस पैसे देऊन ऊनच उपसत असतो.

कूलरचेही शास्त्र समजून घेतले पाहिजे. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जाते. वाळ्याच्या ताटीवर पाणी शिंपडणाऱ्याला आकडा माहीत नसेल, परिणाम माहीत होता. नागपुरात ४४ अंश आणि हवेत पंधरा टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्याचे तापमान तेविसाच्या आसपास उतरू शकते. म्हणून तिथे कूलर चालतो, मात्र समोरची खिडकी उघडी असली तरच. खोली बंद करून कूलर लावला की तासाभरात दमटपणाने जीव नकोसा होतो. टाकीतले पाणी आठवड्याला पूर्ण काढून टाकी घासावी, नाहीतर डेंग्यूच्या डासांना घर मिळते. लोखंडी कूलरला अर्थिंग नसल्याने माणसे दगावल्याच्या बातम्या विदर्भातली वर्तमानपत्रे दर उन्हाळ्यात छापतात. वीज चालू असताना त्यात पाणी भरू नये, इतके साधे आहे ते. मुंबईत ३४ अंश आणि पासष्ट टक्के आर्द्रता असली की ओले फडकेसुद्धा अठ्ठाविसाच्या खाली येत नाही. तिथे कूलर निरुपयोगी. तिथे समोरासमोरच्या खिडक्या, पंखा आणि ओले अंग हेच साधन. पंख्यालाही मर्यादा आहे: चाळीस अंशांच्या वर नुसता पंखा अंगाला तापवतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंगावर ओला पंचा हवा.

किनाऱ्यावर पारा सहसा चाळिशी गाठत नाही म्हणून तिथे ऊन मारत नाही, ही समजूत १६ एप्रिल २०२३ ला खारघरला मोडायला हवी होती. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्या मैदानावर बसलेल्यांपैकी १४ जण गेले. पारा काही पंचेचाळिशीला पोहोचला नव्हता. हवामान खाते किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा उंबरठा ३७ अंशांवर धरते, मैदानी मुलखासाठी ४० वर, ते उगाच नव्हे. उन्हाने माणूस बरळू लागला, अंग भाजू लागले तर कांदा शोधत बसू नये. त्याला सावलीत आणून ओले करावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा.

आपण अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याने भरलेला घडा दान करतो. त्याच दिवशी सोसायटीच्या फाटकावर एक माणूस पत्र्याच्या केबिनमध्ये बसलेला असतो. दुपारी बाराच्या उन्हात, चार बाय चारच्या त्या डब्यात, गणवेशाचे वरचे बटण लावून. त्याच्या डोक्यावर शेडनेट टाकायचा ठराव सर्वसाधारण सभेत कोणी मांडल्याचे ऐकिवात नाही. पितरांना तहान लागते यावर आपला विश्वास आहे. पहारेकऱ्याला लागते याची खात्री पटलेली दिसत नाही. धुणी-भांडी करणाऱ्या बाईला वेगळा पेला ठेवणारी घरे तर मोजायला नकोत.

सरकारने काय करावे, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरेही आहेत. मे २०१० च्या लाटेत अहमदाबादेत एरवीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले, तेव्हा त्या शहराने दैवाला दोष न देता २०१३ मध्ये उष्णतेविरुद्धचा कृती आराखडा केला आणि पुढे झोपडपट्ट्यांची छते पांढरी करायला घेतली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरणच जाहीर केले. आपल्याकडे भाडेकरूची अडचण निराळी आहे. गच्ची मालकाची, उकाडा भाडेकरूचा. नगरपालिकेने चुना देणे मालकावर बंधनकारक करावे. घरपट्टीत थोडी सूट दिली तरी पुष्कळ मालक स्वतःहून शिडी लावतील. ग्रामीण घरकुलासाठी सरकारी अनुदान मिळते, घर किमान २५ चौरस मीटरचे बांधायचे असते, आणि हप्ते सोडण्यापूर्वी टप्प्याटप्प्याला घराचे फोटो काढले जातात. शेवटच्या हप्त्याच्या यादीत छताचा एक फोटो वाढवा. अंदाजपत्रकात दोन पोती चुना धरा. ग्रामसभेत हा विषय कोणी मांडेल, याची वाट बघायला पाडव्यापर्यंतच सवड आहे.